बटणाला हात लावू नका

घरात गॅसचा वास आला तर काय करायचं, हे ऐरोलीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात विचारा. सातवीतली मुलगीही सांगेल: बटणाला हात लावायचा नाही. दिवा लावायचा नाही, लागलेला असेल तर विझवायचाही नाही. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि १०१ला फोन करायचा, तोही बाहेर जाऊन. मग बंब येतो. दोन-तीन जवान त्याच अंधाऱ्या, गॅसने भरलेल्या घरात शिरतात. त्यांच्या हातात टॉर्च असतो आणि टॉर्चला बटण असतं. खांद्याला वॉकीटॉकी असतो, बोलायचं तर त्याचं बटण दाबावंच लागतं. खिशात स्वतःचा मोबाईल असतो, तो कधी वाजेल ते त्यांच्या हाती नसतं. घरातल्या पोराला आपण जे करू देत नाही, तेच करायला आपण दुसऱ्याच्या पोराला आत पाठवतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री रबाळ्याच्या बाजूने उग्र वास यायला लागला. लोक रस्त्यावर आले, बंब येऊन गेले, पहाटेपर्यंत वास विरला. पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत यावर दोन तास वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, सगळ्या केमिकल कंपन्या इथून हलवा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, कंपन्या आधी आल्या आणि इमारती नंतर. डोंबिवलीत २६ मे २०१६ला स्फोट होऊन १२ जण गेले, त्यानंतर हाच वाद झाला. २३ मे २०२४ला तिथेच पुन्हा स्फोट झाला, तेव्हाही हाच झाला. मध्ये कुणीतरी अग्निशमन दलाचा विषय काढला, तर तोही लगेच दोन टोकांना गेला: रोबो आणा, ड्रोन आणा, उंच शिड्या आणा, नाहीतर, महापालिकेकडे एवढे पैसे कुठून येणार, शेवटी धोका पत्करणं हे त्यांचं कामच आहे. जो माणूस आत शिरणार आहे त्याच्या अंगावरच्या वस्तू ठिणगी पाडतात की नाही, हा प्रश्न दोन तासांत कुणीच विचारला नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते सरळ सांगतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात गॅस किंवा ज्वालाग्राही वाफेच्या गळतीत शिरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे स्फोटक हवेसाठी प्रमाणित केलेला टॉर्च, वॉकीटॉकी आणि गॅस डिटेक्टर असलाच पाहिजे. ते नसेल तर त्याला आत पाठवायचं नाही. रोबो, ड्रोन, शिड्या यांची चर्चा त्यानंतर.

मी टीटीसीतल्या, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या, केमिकल प्लान्टमध्ये २७ वर्षं इन्स्ट्रुमेंटचं काम केलं. नवीन लागलो तेव्हा आमच्या वरिष्ठांनी मला वर्कशॉपमध्ये नेलं, ट्यूबलाइट बंद केल्या आणि चोवीस व्होल्टच्या एका साध्या रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, कॉइलची वायर टर्मिनलवरून उचलून दाखवली. उचलताक्षणी तिथे निळा ठिपका चमकला, टाचणीच्या डोक्याएवढा. दिवसाउजेडी तो दिसलाही नसता. ते म्हणाले, "चोवीस व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून आपण त्याला सुरक्षित म्हणतो. गॅसला तुझ्या शॉकशी काही देणंघेणं नाही." मिथेन, म्हणजे पाइपगॅसमधला मुख्य वायू, आणि हवा यांचं पेटू शकणारं मिश्रण जमलं की ते उडवायला साधारण ०.२८ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. हायड्रोजनला तर ०.०२ मिलिज्यूल बस होते. कोरड्या हवेत गाडीच्या दाराला हात लावल्यावर बोटाला जो चटका बसतो, त्यात याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. मग टॉर्चच्या बटणातली, वॉकीटॉकीच्या बॅटरीच्या सैल झालेल्या पत्तीतली, किंवा जिन्यावरून पडून फुटलेल्या मोबाईलमधली ठिणगी कमी पडेल, असं कुठल्या हिशोबाने म्हणायचं?

यावर उपाय जुना आहे आणि कारखान्यांत रोज वापरला जातो. एक पद्धत फ्लेमप्रूफ. डबा इतका मजबूत करायचा की आत स्फोट झाला तरी तो फुटत नाही, आणि ज्वाळा जोडाच्या फटीतून बाहेर येईपर्यंत थंड पडते. मोटार, पॅनेल, दिवे यांना हे चालतं, पण अंगावर वागवायला ते जड पडतं. दुसरी पद्धत अंगभूत सुरक्षेची, इंग्रजीत इंट्रिन्सिक सेफ्टी, आमच्या बोलीत आयएस. यात सर्किटमध्ये ऊर्जाच इतकी कमी ठेवतात की वायर तुटली, शॉर्ट झाली, पार्ट जळाला, तरी निघणारी ठिणगी गॅसला पेटवू शकत नाही आणि उपकरणाचा पृष्ठभागही तेवढा तापत नाही. अशा उपकरणाच्या पाठीवर एक पट्टी असते. तिच्यावर ई-एक्स, आय-ए, टू-सी, टी-फोर अशी अक्षरं असतात. आय-ए म्हणजे एकाच वेळी दोन बिघाड झाले तरी सुरक्षित. टू-सी म्हणजे हायड्रोजन आणि ॲसिटिलीनसारख्या सर्वांत चटकन पेटणाऱ्या वायूंतही चालेल. टी-फोर म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही. आपल्या देशात पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या जागी अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या संघटनेचं, म्हणजे पेसोचं, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तपासणारे आहेत, मान्यता देणारे आहेत, कारखान्यात वापरणारे हजारो आहेत. गळतीच्या वेळी सर्वांत पुढे जाणाऱ्या माणसापर्यंत मात्र हे सगळं पोचलेलं नाही.

हे मी गेटवर पाहिलं आहे. आमच्या कंपनीच्या गेटवर एक लाकडी खोक्यांचं कपाट होतं. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल, लायटर, काडेपेटी तिथे जमा व्हायची आणि हातात पितळी टोकन मिळायचं. मॅनेजर असो की पाहुणा, कुणाला सूट नव्हती. एका मॉक ड्रिलला बाहेरून बंब आला, तेव्हा नवीन सिक्युरिटीवाल्याने सवयीने पुढच्या जवानासमोर हात पसरला. मागून आमचेच एक अधिकारी ओरडले, "अरे, इमर्जन्सी आहे, सोड त्यांना!" जवान धावत आत गेले, मोबाईलसकट, साध्या टॉर्चसकट. ड्रिलमध्ये सॉल्व्हंट, म्हणजे चटकन पेटणारं द्रावक, गळतंय असं धरलं होतं. म्हणजे रोजच्या दिवशी, सगळं बंदिस्त असताना, जी वस्तू आत न्यायला मनाई, तीच वस्तू खरोखर वाफ पसरलेली असताना आत न्यायला परवानगी. दोष त्या जवानांचा मुळीच नव्हता. त्यांना मोबाईलच्या बदल्यात हातात द्यायला आमच्याकडे काही नव्हतं, आणि त्यांच्या गाडीतही काही नव्हतं.

या म्हणण्याविरुद्ध जे बोललं जातं ते उडवून लावण्यासारखं नाही. पहिला आक्षेप असा: पेट्रोल पंपावर मोबाईलने आग लागते ही भीती वाढवून सांगितलेली आहे. हे बऱ्याच अंशी खरं आहे. मोबाईलच्या नावावर खपवलेल्या पंपांवरच्या आगींचा अमेरिकेत तपास झाला, तेव्हा कारण निघालं ते अंगावर साठलेली स्थिर वीज. मोबाईलच्या लहरींनी पेट्रोल पेटत नाही, हे मीही शंभर वेळा सांगितलं आहे. पण पंप उघड्यावर असतो आणि वाफ नोझलच्या आसपासच असते. गॅसने भरलेली खोली वेगळी, भूमिगत टाकी वेगळी, वाऱ्याविना तुंबलेला नाला तर आणखी वेगळा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि पाण्यासारखा उताराने वाहत खड्ड्यात साचतो. शिवाय पंपावरचा माणूस उभा राहून पेट्रोल भरतो. गळतीत शिरलेला जवान भिजतो, सरपटतो, धडकतो, पडतो. नीट ठेवलेल्या यंत्राची ठिणगी आणि आपटून फुटलेल्या यंत्राची ठिणगी एकाच मापाने कशी मोजायची?

आणि पुराव्याशिवाय खर्च कशाला, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारून झाला आहे. १४ ऑक्टोबर १९१३ला वेल्समधल्या सेंघेनिथच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार मेले. त्या काळी खाणीत इशारा द्यायला उघड्या तारा ओढलेल्या असत. दोन तारा एकमेकींना टेकवल्या की दूर इंजिनघरात घंटी वाजायची. बॅटरी थोड्या व्होल्टची, त्यामुळे तिची ठिणगी निरुपद्रवी, असाच समज होता. स्फोटाचं नेमकं कारण शेवटपर्यंत ठरलं नाही, पण संशयितांत ही घंटीची तार होती. त्यानंतर व्हीलर आणि थॉर्नटन या संशोधकांनी प्रयोगशाळेत ही ठिणगी तपासली आणि दिसलं ते माझ्या वरिष्ठांनी मला अंधारात दाखवलं तेच: व्होल्टेज कमी असलं तरी घंटीच्या कॉइलमध्ये ऊर्जा साठते आणि तार सुटताना ती एकदम बाहेर पडते, मिथेन पेटवण्याइतकी. आयएसची सगळी विद्या त्या घंटीतून जन्मली. सेंघेनिथची ठिणगी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पाहू शकणारे जिवंत राहिले नव्हते. ज्या अपघातात पुरावाच जळून जातो, तिथे आधी पुरावा दाखवा म्हणणं म्हणजे काही न करण्याचं ठरवून टाकणं आहे.

दुसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आग विझवायला गेलेले जवान मोठ्या संख्येने जिथे मेले, तिथे त्यांच्या टॉर्चचा काही संबंध नव्हता. आत काय साठवलं आहे हे कळलं नाही, किंवा कळून उपयोग झाला नाही, म्हणून ते मेले. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गाठी पेटल्या, त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती, आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. चीनमधल्या तिआनजिनच्या गोदामात ऑगस्ट २०१५ मध्ये मृत आणि बेपत्ता मिळून १७३ माणसं गेली, त्यांत शंभराहून अधिक अग्निशमन दलांचे होते. बैरुतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२०ला दहा जणांचं पथक साध्या आगीचा फोन आला म्हणून गेलं आणि एकही परतलं नाही. इथे आयएस वॉकीटॉकीने काय वाचवलं असतं? काहीच नाही, हे मी मान्य करतो. आग भडकलेली असेल तर तीच सर्वांत मोठी ठिणगी आहे, तिथे माझ्या पट्टीवरच्या अक्षरांना अर्थ उरत नाही. कारखान्यात कुठे काय आणि किती साठवलं आहे याची ताजी यादी अग्निशमन केंद्रात हवी, हा आग्रह माझाही आहे, आणि तो आधीचा आहे.

पण या आक्षेपात एक गफलत आहे. तो पेटलेल्या आगीबद्दल बोलतो, मी न पेटलेल्या गळतीबद्दल बोलतोय. आमच्या भागात बंबाला येणारे फोन आठवून बघा. जेसीबीने पाइपगॅसची लाइन तोडली. घोडबंदर रोडला टँकर कलंडला. सिलिंडर रात्रभर गळत होता. मॅनहोलमध्ये माणूस पडला. अशा वेळी आग नसते. गॅस हवेत पेटण्याच्या प्रमाणात असतो, पाइपगॅसमधला मिथेन असेल तर ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी, किंवा त्या आकड्याकडे चाललेला असतो, आणि तो पेटायचा की नाही हे पुढे कोण काय घेऊन आत येतं यावर ठरणार असतं. नेमका इथेच वाचवायला येणारा माणूस हाच आगीचं कारण ठरू शकतो. यादीचं म्हणाल तर ती मोठ्या कारखान्याची मिळेल. शेडमागे शेड भाड्याने देत गेलेल्या गाळ्यातल्या चौथ्या पोटभाडेकरूने परवा रात्री काय आणून ठेवलं, ते कुठल्या यादीत सापडणार? ते सांगेल तो फक्त छातीवर लावलेला डिटेक्टर. म्हणून माहिती आणि उपकरण यांत निवड करायला लावणं मला पटत नाही. छोट्या गाळ्यात शिरताना डिटेक्टर हीच माहिती असते.

आता या पट्ट्याचं रूपही बदललं आहे आणि त्याकडे कुणाचं फारसं लक्ष नाही. रबाळे, महापे, ऐरोलीत जुन्या केमिकल प्लॉटवर डेटा सेंटर उभी राहत आहेत. लोकांना वाटतं धूर गेला, धोका गेला. या इमारतींत वीज गेल्यावर काम चालू राहावं म्हणून बॅटऱ्यांच्या खोल्या असतात, आणि लिथियम बॅटरी आतून तापत सुटली की तिच्यातून निघणाऱ्या वायूंत हायड्रोजनही असतो. १९ एप्रिल २०१९ला अमेरिकेतल्या ॲरिझोनात वीज साठवणाऱ्या अशाच एका बॅटरी-केंद्रात ज्वाळा दिसत नव्हत्या. पथकाने बराच वेळ वाट पाहून दार उघडलं, थोड्या वेळाने आत साचलेला वायू उडाला आणि जवान गंभीर जखमी झाले. त्यांच्याकडे वायू मोजणारे मीटर होते, तरी हे झालं. मग ज्यांच्याकडे मीटरच नाही त्यांनी त्या दारासमोर उभं राहून काय करायचं? पट्टीवर टू-सी हवं, असा हट्ट मी धरतो तो यासाठी. स्वस्तातलं टू-ए घेतलं तर ते प्रोपेनला, म्हणजे आपल्या सिलिंडरला पुरेल, हायड्रोजनला नाही.

तिसरा आक्षेप एका निवृत्त फायर ऑफिसरनेच माझ्याशी बोलताना मांडला. ते म्हणाले, "चांगलं सामान दिलं की पोरं जास्त आत घुसतात." याला इतिहासाचा आधार आहे. १८१२ मध्ये इंग्लंडच्या फेलिंग खाणीत ९२ माणसं मेली, तेव्हा खाणीत उघड्या ज्योतीवर काम चालायचं. १८१५ मध्ये शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने ज्योतीभोवती बारीक जाळी लावलेला दिवा शोधला. सगळ्यांना वाटलं संकट टळलं. झालं असं की गॅसमुळे सोडून दिलेल्या खोल खाणी मालकांनी या दिव्याच्या भरवशावर पुन्हा सुरू केल्या आणि पुढची कित्येक वर्षं स्फोट होतच राहिले. त्या अधिकाऱ्यांचं म्हणणं मी त्यामुळे निम्मं मानतो. उरलेलं निम्मं असं की डेव्हीच्या दिव्यासोबत माघार घेण्याचा नियम आला नव्हता. आज तो देता येतो. स्फोटाची जी खालची मर्यादा आहे तिच्या दहा टक्क्यांवर, म्हणजे मिथेन हवेत अर्धा टक्का झाला की, डिटेक्टर ओरडेल असं लावायचं, आणि ओरडला की मागे यायचं. हे जवानाच्या शौर्यावर सोडायचं नाही, बाहेर उभ्या अधिकाऱ्याने हुकूम द्यायचा. आणि शिकवायचं की जुन्या पद्धतीचा डिटेक्टर गॅस फारच दाट झाला तर उलटा खाली उतरतो, कारण त्याला जाळायला हवाच उरत नाही. आकडा वर जाऊन अचानक शून्याकडे आला तर ती सुटका नव्हे, तिथून पळायचं असतं. एवढी एक गोष्ट ठाऊक नसेल तर डिटेक्टर असणं हे नसण्यापेक्षा घातक.

पैशांचं थोडक्यात. आयएस वस्तू साध्या वस्तूच्या कितीतरी पट महाग असते, हे खरं. वॉकीटॉकीची ताकद कमी ठेवलेली असते, त्यामुळे तो जाड भिंतीमागून नीट पोचत नाही, हेही खरं. पण सगळ्या दलाला हे लागत नाही. प्रत्येक गाडीवर आत शिरणाऱ्या चौघांना लागतं, आणि मधला आवाज पोचवायला गाडीत रिपीटर ठेवता येतो. एका उंच शिडीच्या किमतीत किती गाड्या अशा सजतील याचा हिशोब स्थायी समितीत एकदा मांडला जावा. मला खरी काळजी खरेदीनंतरची वाटते. टेंडर सर्वांत कमी बोलीला जातं, कागदावर 'किंवा तत्सम' असे दोन शब्द असतात आणि त्या दोन शब्दांतून साधा टॉर्च आत येतो. डिटेक्टर आला तर ठरावीक मुदतीने गॅस देऊन तो बरोबर दाखवतो की नाही हे तपासावं लागतं. तसं न केलेला डिटेक्टर कपाटात शून्य दाखवत बसतो आणि गळतीतही शून्यच दाखवतो. बॅटरी संपली की मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दुसरी बसवली जाते, आणि ज्या क्षणी कंपनीबाहेरची बॅटरी आत गेली, त्या क्षणी पाठीवरची सगळी अक्षरं खोटी झाली. म्हणून खरेदीच्याच करारात पाच वर्षांची तपासणी आणि मूळ बॅटऱ्या घातल्या पाहिजेत. आणि हे फक्त बंबवाल्यांपुरतं ठेवून चालणार नाही. टँकर कलंडल्यावर सर्वांत आधी पोचतो तो वाहतूक पोलीस. मॅनहोलमध्ये उतरतो तो कंत्राटी कामगार. ठाण्याच्या आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान दोन्हीकडे जातात.

१४ एप्रिलला त्या ६६ जणांची आठवण म्हणून अग्निशमन सप्ताह सुरू होतो. त्या आठवड्यात मी नातवाला जवळच्या एका केंद्रावर प्रदर्शन दाखवायला नेलं होतं. होज, ब्रँच म्हणजे पाण्याचं नोझल, बीए सेट म्हणजे धुरात श्वास घ्यायचं उपकरण, सगळं टेबलावर मांडलेलं. एक तरुण जवान मुलांना हौसेने समजावून सांगत होता. मी त्याला विचारलं, "बाळा, तुझ्या वॉकीटॉकीच्या मागे काय लिहिलंय बघू?" त्याने तो खांद्यावरून काढून उलटा केला. आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. बॅटरीला चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि पट्टीच्या जागी नुसता गोंदाचा चौकोन उरला होता. तो म्हणाला, "काका, बॅटरी बदलली ना, तेव्हा गेली असेल." मग त्याने मला विचारलं, त्यावर काय लिहिलेलं असायला हवं होतं. मी त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर ती अक्षरं लिहून दिली, आणि त्याने ते पान फाडून गणवेशाच्या वरच्या खिशात घातलं.